उजेड किती खोल जातो?

मागच्या अंकात तोंडाच्या कर्करोगावरच्या पत्रांना उत्तरं देताना मी ‘प्रकाश-उपचार’ हा शब्द एका ओळीत वापरला आणि पुढे गेले. वाचकांनी नेमकी तीच ओळ धरली. महिनाभर पत्रं येताहेत, म्हणून या वेळचं सदर त्या एकाच विषयाला दिलं आहे.

आधी एक खुलासा. आपल्याकडे रेडिएशनला ‘शेक’ म्हणतात, कुणी ‘लाईट घेतली’ असंही म्हणतं. तो उपचार वेगळा. इथे बोलायचंय ते फोटोडायनॅमिक थेरपीबद्दल, म्हणजे पीडीटीबद्दल. यात एक औषध शिरेतून देतात किंवा मलमासारखं लावतात. ते गाठीत मुरू देतात आणि मग ठरावीक रंगाचा उजेड तिथे सोडतात. त्या उजेडानं औषध जागं होतं, आसपासच्या प्राणवायूला चेतवतं आणि तो चेतलेला प्राणवायू पेशी मारतो. औषध, उजेड आणि प्राणवायू ही तिन्ही एकाच जागी, एकाच वेळी हवीत. एक जरी कमी पडलं तरी काही घडत नाही.

*

*डॉक्टरबाई, माझे वडील ५८ वर्षांचे आहेत. तीस वर्षं तंबाखू-चुना खाल्ला. उजव्या गालात आतून जखम झाली, तुकडा तपासला तर कॅन्सर निघाला. बार्शीला दाखवलं. ऑपरेशन करावं लागेल, जबड्याचं थोडं हाड काढावं लागेल म्हणाले. मधेच व्हॉट्सॲपवर व्हिडिओ आला की जपानमध्ये लाल उजेड सोडून गाठ मारतात, चिरफाड नाही. वडील म्हणतात, “मला तेच करा, तोंड फाडू नका.” थांबावं का? स्कॅनचा कागद सोबत पाठवत आहे.*
*— एक मुलगा, उदगीर*

दादा, थांबू नका. ऑपरेशनची तारीख मिळाली असेल तर ती पाळा, नसेल तर याच आठवड्यात जाऊन घ्या.

वडिलांची भीती मला कळते. जबडा काढणार म्हटल्यावर माणूस आधी आरशात बघतो, मग घरच्यांकडे. म्हणून नुसतं ‘नाही’ सांगून पत्र संपवत नाही. आज रात्री त्यांना शेजारी बसवा, घरातले दिवे घालवा आणि मोबाईलचा टॉर्च लावून त्यावर त्यांचं बोट ठेवा. बोट लालभडक दिसेल. टॉर्चचा उजेड तर पांढरा आहे, त्यात निळा आहे, हिरवाही आहे. ते रंग रक्तानं वाटेतच गिळले, लाल तेवढा पलीकडे आला. आता त्याच टॉर्चवर त्यांचं मनगट आडवं ठेवा. कडेला थोडी लाली दिसेल, मध्यावर अंधार. बोट आणि मनगट यांच्या जाडीत जो फरक आहे, तोच या उपचाराच्या यशात आणि अपयशात आहे.

म्हणूनच पीडीटीत बहुतेक वेळा लाल उजेड वापरतात. फोटोफ्रिन या जुन्या औषधाला ६३० नॅनोमीटरचा लागतो (नॅनोमीटर हे उजेडाच्या लहरीचं माप), नंतरच्या काही औषधांना त्याहून गडद. तरीही परिणाम काही मिलिमीटर, फार तर एक सेंटिमीटरपर्यंत. आणि तो चेतलेला प्राणवायू जिथे तयार होतो तिथेच क्षणात विझतो, शेजारच्या पेशीपर्यंतही नीट पोचत नाही. त्यामुळे निरोगी भाग बराच वाचतो. पण उजेडाच्या पलीकडे राहिलेली कर्करोगाची पेशीही तशीच वाचते.

मी गालाची गाठ तपासते तेव्हा एक बोट तोंडात आणि दुसरं बाहेरून गालावर ठेवते. नुसता पांढरा चट्टा असेल तर दोन बोटांमध्ये काही वेगळं लागत नाही, गाल मऊच असतो. आणि गाठ खोल गेली असेल तर सुपारी धरल्यासारखी लागते, हलवली तर जबड्यासकट ओढ बसते. तुमच्या कागदावर जाडी २.४ सेंटिमीटर आणि ‘हाडाला लागून’ असं लिहिलंय. मानेत एक गाठही दाखवली आहे. वरून कितीही लाल उजेड सोडला तरी तो ना हाडात पोचेल, ना मानेत.

जपानची गोष्ट खरी आहे, पण व्हिडिओत अर्धीच सांगितली आहे. सप्टेंबर २०२०मध्ये तिथे एका नव्या प्रकाश-औषधाला परवानगी मिळाली. त्यात कर्करोगाच्या पेशीवरच्या खुणेला जाऊन चिकटणारं प्रथिन आहे आणि त्याच्या पाठीवर रंगद्रव्य बांधलेलं आहे. औषध दिल्यावर दुसऱ्या दिवशी ६९० नॅनोमीटरचा उजेड सोडतात, गाठ खोल असेल तर बारीक तंतू सुईसारखे आत घालून. पण ही परवानगी कुणासाठी आहे? डोकं-मानेच्या ज्या कर्करोगाचं ऑपरेशन होऊ शकत नाही किंवा जो उपचारांनंतर उलटून आलाय, त्याच्यासाठी. युरोपात २००१ साली टेमोपॉर्फिन नावाच्या औषधाला परवानगी मिळाली, तीही इतर उपचार संपलेल्यांसाठीच. तुमच्या वडिलांचं ऑपरेशन होण्यासारखं आहे. म्हणजे ते जपानमध्ये असते, तरी तिथल्या डॉक्टरांनी आधी ऑपरेशनच सुचवलं असतं.

मी एवढं का लिहितेय ते सांगते. दोन वर्षांपूर्वी निलंगा तालुक्यातला एक ट्रॅक्टरचालक माझ्याकडे आला. वय चाळीसच्या आत. “मॅडम, आधीच लेझर करून आलाव,” म्हणाला. गालावरचा चट्टा कुठेतरी लेझरनं जाळला होता. तुकडा तपासलेला नव्हता, कागद म्हणून एक पावती. लेझरनं जाळणं म्हणजे पीडीटी नव्हे, पण त्याला तेच वाटलं होतं. वरची कातडी छान भरून आली होती. खाली गाठ वाढतच होती आणि आठ महिन्यांत मानेत उतरली होती. पहिल्याच दिवशी तुकडा काढला असता तर त्याचं अर्ध्या तासाचं ऑपरेशन झालं असतं. ते आठ महिने माझ्या डोक्यातून जात नाहीत.

तोंडात पीडीटीला जागा आहे. पातळ पांढरे-लाल चट्टे, अगदी वरवरचा सुरुवातीचा कर्करोग, पुन्हा पुन्हा ऑपरेशन झालेली जागा, अशा ठिकाणी व्रण कमी राहतो आणि उपचार परत करता येतो. पण आधी तुकड्याचा रिपोर्ट, मग खोलीचं माप आणि त्यानंतरच उजेडाचा विचार.

बार्शीला गेल्यावर दोन गोष्टी विचारा: काढलेल्या भागावर मांडीचं किंवा छातीचं मांस लावणार का, आणि नंतर तोंड उघडण्याचे व्यायाम कोण शिकवणार. खर्चाचं म्हणाल तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेची चौकशी तिथल्या आरोग्यमित्राकडे करा. रेशनकार्ड आणि आधार सोबत न्या.

*

*मॅडम, मी पशुवैद्यकीय महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला आहे. घाणेरीची विषबाधा झालेल्या जनावराची कातडी उन्हात सोलते, हे आम्ही शिकलो. माणसातला हा उपचार त्याच तत्त्वावर चालतो का? आणि मग काही गाठी लगेच जातात, काही हलतच नाहीत, असं का?*
*— एक विद्यार्थिनी, परभणी*

बाळ, तुझं पत्र वाचून मी थेट माझ्या गावी जाऊन पोचले, औसा तालुक्यात. एका दुष्काळी वर्षी चारा संपला आणि आमच्या काळ्या-पांढऱ्या संकरित गाईनं बांधावरची घाणेरी खाल्ली. दोन-चार दिवसांत तिचे डोळे पिवळे झाले. उन्हात बांधली की दावं ताणून गोठ्याकडे ओढ घ्यायची. मग पाठीवरची कातडी वाळक्या चामड्यासारखी उचलायला लागली, पण फक्त पांढऱ्या ठिगळांवरची. काळं ठिगळ जिथून सुरू होई तिथून कातडी धड. मधली रेघ कात्रीनं कापल्यासारखी होती. मी तेव्हा सातवीत होते. वडील खोबरेल लावायचे आणि मी ती रेघ बघत बसायचे.

त्याचं कारण तुला माहीत आहे. हिरव्या चाऱ्यातलं हरितद्रव्य पोटात मोडून फायलोएरिथ्रिन तयार होतं. धड यकृत ते पित्तातून बाहेर टाकतं. घाणेरीनं यकृत बिघडलं की ते रक्तात आणि कातडीत साचतं आणि ऊन पडलं की पेटतं. फायलोएरिथ्रिन हे पॉर्फिरिन नावाच्या रंगद्रव्यांच्या कुळातलं आणि पीडीटीची जुनी औषधंही त्याच कुळातली. म्हणजे गाईला जो अपघात झाला, तोच डॉक्टर मोजूनमापून आणि हव्या त्या जागी घडवतात.

ही गोष्ट पहिल्यांदा नजरेला आली तीही एका विद्यार्थ्याच्या. १९००च्या सुमारास म्युनिकमध्ये ऑस्कार राब हा तरुण अॅक्रिडीन नावाचा रंग पॅरामिशियम या एकपेशीय जिवांवर टाकून किती वेळात ते मरतात, हे बघत होता. एकाच मात्रेला दर वेळी वेगळं उत्तर यायचं. शेवटी कळलं की उजेड कमी-जास्त असल्यानं हे होतंय. अंधारात तेच जीव तगत होते. त्याचे गुरू फॉन टापायनर यांनी पुढे त्वचेच्या गाठींवर इओसिन हा दुसरा रंग आणि उजेड वापरून पाहिला.

आता तुझा दुसरा प्रश्न. आपण गाठीला तिच्या अवयवाच्या नावानं ओळखतो, पण उजेडाला नावाशी काही देणंघेणं नसतं. १९७८मध्ये अमेरिकेत बफेलोच्या डॉ. थॉमस डोहर्टी यांनी २५ रुग्णांच्या ११३ गाठींवर हा उपचार केला. गाठी वेगवेगळ्या कर्करोगांच्या होत्या, पण सगळ्या त्वचेत किंवा त्वचेखाली. १११ गाठी पूर्ण किंवा काही अंशी गेल्या. उजेड पोचण्याजोगी जागा होती, म्हणून नावं वेगळी असूनही उत्तर एकच आलं. उलट, एकाच नावाच्या दोन गाठींमध्ये एक पातळ आणि एक जाड असेल तर दोन उत्तरं येतात.

रंगाचं म्हणशील तर तुझ्या गाईचं काळं ठिगळ आठव. मेलॅनिन या काळ्या रंगद्रव्यानं तिची कातडी वाचवली. मेलॅनोमा हा काळा कर्करोग तेच मेलॅनिन अंगावर बाळगतो. उजेड वरच्या वर शोषला जातो आणि वर ते मेलॅनिन चेतलेल्या प्राणवायूलाही थंड करतं. रंग नसलेला मेलॅनोमा प्रयोगांत तुलनेनं जास्त दाद देतो.

प्राणवायूचा अडसर त्याहून किचकट आहे. मोठ्या गाठीच्या मध्यभागी रक्तवाहिन्या तोकड्या असतात, तिथे आधीच श्वास कोंडलेला. औषध आहे, तंतू घालून उजेडही पोचवला, तरी चेतवायला प्राणवायूच नाही. त्यातून उजेड फार जोरात सोडला तर आहे तेवढा प्राणवायूही झटक्यात संपतो. म्हणून काही ठिकाणी उजेड मंद ठेवतात किंवा मधे थांबतात, रक्तातून नवा प्राणवायू येऊ देतात आणि मग पुन्हा सोडतात. मला यातली ही वाट बघण्याची गोष्ट फार आवडते.

आणि औषध मुरणं. अमिनोलेव्हुलिनिक आम्ल दिलं की पेशी स्वतःच त्यापासून प्रोटोपॉर्फिरिन हे रंगद्रव्य बनवते. निरोगी पेशी त्यात लोह बसवून त्याचं हीम, म्हणजे रक्ताला लाल करणारं द्रव्य, करून टाकते. बऱ्याच कर्करोगांच्या पेशींत हे लोह बसवणं मंदावलेलं असतं, म्हणून रंगद्रव्य साचत जातं. मेंदूच्या आक्रमक ग्लायोमात ते इतकं साचतं की निळ्या उजेडाखाली गाठ गुलाबी चमकते आणि शल्यविशारदाला कुठवर कापायचं ते दिसतं. यासाठी अमेरिकेनं २०१७मध्ये परवानगी दिली. मेंदूच्याच मंद वाढणाऱ्या गाठी मात्र बहुतेक वेळा चमकत नाहीत. अवयव तोच, पण पेशीचा स्वभाव वेगळा.

*

*माझ्या आईच्या नाकाशेजारी चामखिळीसारखं काही वर्षभर होतं, त्यातून रक्त यायला लागलं. तपासणीत ‘बेसल सेल कार्सिनोमा’ निघाला. त्वचेच्या डॉक्टरांनी ऑपरेशन आणि पीडीटी दोन्ही सांगितलं. आई ७१ वर्षांची आहे, चेहऱ्यावर टाके नकोत म्हणते.*
*— एक शिक्षिका, जालना*

ताई, बेसल सेल कार्सिनोमा हा त्वचेचा कर्करोग. पीडीटीला सगळ्यात जुळणारा आजार तुमच्या आईला झाला आहे, तरीही माझं मत ऑपरेशनकडे आहे. रिपोर्टमध्ये ‘नोड्युलर’, म्हणजे गाठीसारखा, हा शब्द आहे का बघा. तुम्ही वर्णन केलंय, चामखिळीसारखं उचललेलं, त्यावरून तसाच असावा. अशा गाठींवर पीडीटी आणि ऑपरेशन यांची तुलना झाली आहे. पाच वर्षांत पीडीटीनंतर १४ टक्के गाठी उलटल्या, ऑपरेशननंतर ४ टक्के. नाकाशेजारची घडी ही आणखी अवघड जागा, तिथे मुळं खोल जातात आणि उलटून आली की नाकपुडी वाचवणं कठीण होतं.

रिपोर्टमध्ये ‘सुपरफिशियल’ असेल, म्हणजे पातळ लालसर चट्टा, तर पीडीटी चालेल. पण तिथेही एका मोठ्या अभ्यासात पाच वर्षांनी पीडीटीवाले साधारण ६३ टक्के रोगमुक्त होते आणि इमिक्विमॉड नावाचं मलम लावणारे ८० टक्के. डॉक्टरांना त्या मलमाबद्दलही विचारा. आईंना सांगा, नाकाच्या वळीत घातलेले बारीक टाके सुरकुत्यांत मिसळून जातात. ७१व्या वर्षी चेहरा या बाबतीत साथ देतो.

*

*मामांना कावीळ झाली, पित्तनलिकेचा कर्करोग निघाला. ऑपरेशन होणार नाही म्हणाले, नळी बसवली आहे. प्रकाश-उपचारानं आयुष्य वाढतं असं वाचलं. मोठ्या शहरात न्यावं का?*
*— एक भाचा, धाराशिव*

हे उत्तर लिहायला मला दोन दिवस लागले. तुम्ही वाचलंत ते खरं आहे. २००३मध्ये जर्मनीतून आलेल्या अभ्यासात नळीसोबत पीडीटी घेतलेल्यांचं मध्यक आयुर्मान, म्हणजे निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ, ४९३ दिवस होतं, नुसती नळी असलेल्यांचं ९८. एवढा फरक बघून सगळ्यांच्याच आशा वाढल्या, माझ्याही. पुढे ब्रिटनमध्ये जास्त रुग्णांवर हेच तपासलं, तर उलटं निघालं: याच मापानं पीडीटी घेतलेले ६.२ महिने जगले आणि न घेतलेले ९.८. पित्तनलिकेचा कर्करोग भिंतीच्या बाहेर यकृतात पसरतो, आतून दिलेला उजेड भिंतीपाशीच संपतो. शिवाय पीडीटीच्या फेऱ्यांत केमोथेरपी मागे पडत असावी, असाही एक अंदाज आहे.

मामांना केवळ यासाठी नेऊ नका. नळी तुंबली की थंडी वाजून ताप येतो, कावीळ परत दिसते. तसं झालं तर रात्र असली तरी दवाखाना गाठा, ती नळी बदलता येते. केमो झेपेल का हे छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात विचारता येईल, धाराशिवहून ते मुंबईपेक्षा जवळ आहे.

*

*हळदीचं दूध पिऊन सकाळच्या उन्हात बसलं तर हाच उपचार घरी होतो, असं एक जण सांगतो.*
*— एक हळद उत्पादक, वसमत*

होत नाही. कर्क्युमिन उजेडानं जागं होतं हे प्रयोगशाळेत दिसलंय, सांगणाऱ्यानं तेवढं बरोबर ऐकलंय. पण त्याला निळा उजेड लागतो आणि निळा कातडीत जेमतेम मिलिमीटरभर शिरतो. प्यायलेल्या हळदीतलं कर्क्युमिन रक्तात फारच थोडं उतरतं. दूध प्या, पण गाठ असेल तर डॉक्टरांना दाखवा.

*

*माझ्या भावाला बाहेरच्या शहरात अन्ननलिकेसाठी शिरेतून फोटोफ्रिन देऊन हा उपचार केला. आता तो घरी आला आहे. ‘उन्हात जाऊ नका’ एवढंच सांगितलं. किती दिवस आणि किती जपायचं?*
*— एक बहीण, अंबाजोगाई*

ताई, एवढंच सांगून त्यांना मे महिन्यात मराठवाड्यात पाठवलं, याचं मला फार वाईट वाटलं. औषध दिल्यापासून किमान तीस दिवस. या काळात कातडीत औषध असतं, दहा मिनिटांचं ऊनही भाजू शकतं. ऊन अडवणारं मलम (सनस्क्रीन) यात उपयोगाचं नाही, कारण ते अतिनील किरण अडवतं आणि हे औषध दिसणाऱ्या उजेडानं पेटतं. खिडकीची काचही त्याच कारणानं वाचवत नाही. पत्र्याच्या घरात छताला भोकं असतील तर त्यातून पडणारा कवडसा कुठे कुठे फिरतो ते दिवसभर बघा आणि त्यांचं अंथरूण तिथून हलवा. बाहेर पडणं भागच असेल तर दिवस मावळल्यावर. दुपारी जावंच लागलं तर पूर्ण बाह्या, हातमोजे, रुंद टोपी, गडद चष्मा आणि तोंडाला जाड उपरणं. दाताच्या डॉक्टरकडे गेलात तर दिवा लावण्याआधी सांगा.

पण त्यांना अंधाऱ्या खोलीत कोंडून ठेवू नका. घरातल्या साध्या दिव्याचा उजेड हवा, त्यानं कातडीतलं औषध हळूहळू मोडत जातं. छातीत दुखणं, गिळताना अडकणं, ताप यांपैकी काही झालं तर लगेच दाखवा, अन्ननलिका तिथे आखडू शकते.

तीस दिवस झाले की एक कागदी पिशवी घ्या, तिला दोन बोटं मावतील एवढं भोक पाडा आणि ती त्यांच्या हातावर चढवा. त्या भोकातून दहा मिनिटं ऊन घेऊ द्या. चेहऱ्यावर हे करायचं नाही, डोळ्यांभोवतीची कातडी जास्त नाजूक असते. चोवीस तासांत लाली, सूज, फोड काही आलं नाही तर दुसऱ्या दिवसापासून थोडं थोडं बाहेर पडू द्या. काही आलं, तर आणखी दोन आठवडे घरातच थांबवा आणि मग पुन्हा हीच पिशवी चढवा.